बायजाची जागा

खाडीकाठच्या आमच्या बळीरामनं जन्मभर भात पिकवलं, भाजी पिकवली, खारं पाणी बांधाबाहेर रोखलं. पण टोपली घेऊन बाजारात तो कधी बसला नाही. विकणं हे बाईचं काम, असं त्याचा बाप मानायचा, तोही मानायचा. तीस वर्षं आगाशीच्या बाजारात बसली ती त्याची बायको, बायजा.

यंदा माघात बायजाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर घरी बसा, असं डॉक्टर म्हणाले. बाजारात जागा आठ दिवस रिकामी दिसली की दुसरी कुणी तिथं पोतं अंथरते. बायजाला घास जाईना. शेवटी बळीराम म्हणाला, "मी बसतो."

पहिल्या दिवशी तो वांगी काट्यावर तोलून देऊ लागला. गिऱ्हाइकं न घेताच पुढच्या टोपलीकडं सरकली. शेजारची जयवंती म्हणाली, "भावोजी, सोनाराचं दुकान हाय का? वाटे लावा. वर एक वांगं टाका."

गावचा प्रल्हाद जाता जाता थांबला. "काय रं, बायजानं लुगडं नाय दिलं नेसायला?"

बळीराम खाली मान घालून वाटे लावत राहिला.

दुपारी त्यानं जयवंतीपुढं पाण्याची बाटली धरली. तिनं मान हलवली. "पानी प्यालं तर जायचं कुठं? तुमा पुरुषांना कुठलीबी भिंत चालते. आमी सकालपासून घसा सुका ठेवतो. बायजापन तशीच."

घरी जाताना बळीरामला आठवलं. डॉक्टरांनी बायजाला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, तेव्हा ती नुसती हसली होती. आता जागा राखून तरी काय? तीच जागा तिला पुन्हा आजारी पाडणार.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या कापडवाल्या जितेंद्रकडं गेला. "तुझ्या दुकानामागचा संडास बायकांना उघडा ठेव."

"आणि धुणार कोण?"

"मी."

रोज सकाळी टोपली उतरवली की तो झाडू आणि बादली घेऊन मागं जायचा. प्रल्हादनं पाहिलं. "आता हेच राहिलं होतं."

"व्हय," बळीराम म्हणाला. "तीस वर्सं राहिलं होतं."

महिन्यानं बायजा आली. आधी मागं गेली, दाराला कडी नीट लागते का ते पाहून आली. मग बसली, बाटली तोंडाला लावली आणि अर्धी संपवूनच खाली ठेवली.

बळीरामचा जीव भांड्यात पडला.

"सरका," बायजा म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय."