ग्रीकांची शपथ आणि माझं पत्र

साठच्या दशकात मी दुबईत, बर दुबईच्या कापडवाल्यांच्या गल्लीत, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर पुण्याकडचे, मी रत्नागिरीच्या खाडीकाठचा. तेव्हा माझं स्वतःबद्दल फार मोठं मत होतं. धक्क्यावर काम करणारे आमच्या गावचे लोक मला ‘छोटे डॉक्टर’ म्हणत आणि मी ते खुशाल म्हणवून घेई.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी एक जुनं इंग्रजी पुस्तक उघडून मला प्राचीन ग्रीक वैद्यांची शपथ वाचायला लावली. बाटल्या धुवायला आलेल्या माणसाची ही कसली परीक्षा, असं मला झालं. पण या विषयावर आले की डॉक्टर थांबत नसत. आजार म्हणजे देवाचा कोप असं लोक धरून चालत, त्या काळात हे ग्रीक वैद्य रोग्याच्या उशाशी बसून त्याचा ताप, घाम, थुंकी, लघवी बघत आणि रोजच्या रोज लिहून ठेवत. रोगी दगावला तर तेही लिहीत, झाकून ठेवत नसत. आणि शिष्याकडून वचन घेत की कुणाच्या घरात पाऊल टाकायचं ते रोग्याच्या भल्यासाठीच, आणि तिथे जे दिसेल, जे कानावर पडेल, ते बाहेर बोलायचं नाही.

शपथेच्या सुरुवातीला ग्रीक देवांची नावं होती. मी अडून बसलो. “डॉक्टरसाब, दुसऱ्यांच्या देवांची कसम मी नाही खाणार.”

“नको खाऊस. अरब हकिमांनीसुद्धा ती नावं काढली, बाकी शपथ तशीच ठेवली. तुझे आजोबा हकीम होते ना? त्यांची यूनानी औषधं म्हणजे मूळ ग्रीकांचीच विद्या. तू अल्लाची कसम घे.”

आजोबांच्या बरण्यांतली माजूनं, ती मधात कालवलेली औषधं, इतक्या लांबून आली असतील हे मला माहीतच नव्हतं. मी अल्लाची कसम घेतली. अगदी सहज घेतली, याचीच आता लाज वाटते.

दोनेक वर्षांनी गावच्या आमच्याच मोहल्ल्यातला एक जण दवाखान्यात आला. धक्क्यावर सिमेंटच्या गोण्यांवर कारकून होता. महिनाभर खोकला, अंगावरचं मांस उतरलेलं. माझ्या चुलत बहिणीसाठी त्याची बोलणी चालली होती. डॉक्टरांनी त्याची थुंकी तपासायला खाडीपलीकडच्या इस्पितळात पाठवली. रिपोर्ट चार दिवसांनी मिळणार होता. जाताना दारात त्याने माझा हात धरला. “भाई, घरी कळू देऊ नकोस हां. अम्मा खाली-पिली घाबरेल.”

“यल्ला, जा तू. फिकर मत कर,” मी म्हणालो.

आमच्याकडे मुलीचा होकार देण्याआधी आखातातल्या आपल्या माणसाला विचारायची रीत होती. मुलगा नमाज पढतो का, पितो का, तब्येतीने कसा आहे? चुलत्यांचा तसा निरोप मला पंधरा दिवसांपूर्वीच आला होता. आणि गावचा एक माणूस त्याच दुपारच्या आगबोटीने निघत होता. पुढच्या बोटीला अजून बराच अवकाश होता. मी काउंटरमागे उभ्या उभ्या पत्र लिहिलं: मुलाला टीबी असावा, घाई करू नका, हे फक्त तुमच्यापुरतं. बहिणीसाठी लिहिलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे बहिणीची काळजी चार आणे होती. बारा आणे मला आतलं कळतं हे दाखवायची खुमखुमी होती.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. टीबी नव्हता. सिमेंटची धूळ छातीत बसली होती. काम बदललं, औषध दिलं, आणि महिन्याभरात त्याचा खोकला गेला.

चुलत्यांना वाचता येत नव्हतं. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आखातातून पत्र आलं की मोहल्ला ओट्यावर जमायचा आणि शाळेत जाणारं कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं. लहानपणी मी स्वतः अशी ढीगभर पत्रं वाचली होती. पण मी काउंटरमागे उभा राहून डॉक्टरच्या ऐटीत लिहीत होतो, आणि त्या ऐटीत मी ओटा विसरलो. माझं पत्र भर ओट्यावर वाचलं गेलं. ‘हे फक्त तुमच्यापुरतं’ हेसुद्धा वाचलं गेलं.

बोलणी तिथेच मोडली. त्याच्या घरी लोक पाण्याला शिवेनासे झाले. बायका त्याच्या आईपासून चार हात लांब बसू लागल्या. तिने कुणाकडून तरी लिहवून त्याला सगळं कळवलं. मागाहून मी खुलाशाचं पत्र पाठवलं, पण तोवर चुलत्यांनी मुलगी दुसरीकडे देऊन टाकली होती.

आईचं पत्र खिशात घेऊन तो दवाखान्यात आला. आवाज चढवला नाही. “डॉक्टरसाब, मी फक्त तुमच्याकडे आलो होतो. गावाला कसं कळलं?”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “कुणी कळवलं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गोळ्यांच्या पुड्या बांधत होतो. आता हा नाव घेणार आणि माझी नोकरी जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याच्या आईचा विचारसुद्धा मनाला शिवला नाही.

“राहू द्या साब,” तो म्हणाला. “कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? खलास.”

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. “माझ्या दवाखान्यातून बाहेर गेलं, म्हणजे मीच बोललो. मला माफ कर.”

‘मी लिहिलं’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी पुडीची घडी घालत राहिलो. ज्याने कसलीच कसम घेतली नव्हती, तो माझं नाव पोटात ठेवून दारातून बाहेर पडला. जाताना त्याने मला सलामही केला.

डॉक्टरांनी मला कधीच काही विचारलं नाही. त्यांनी ओळखलं असणार. मी आपणहून सांगीन म्हणून वाट पाहत असणार. मी तिथे आणखी सहा वर्षं नोकरी केली, आणि सहाही वर्षं त्यांना वाट पाहायला लावली.