तिसऱ्या प्रकरणातली खिंड

लाकडाच्या वखारीत ओंडके मापणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘लेखक’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे त्याने कधी मापलं नाही. समोरची डोंगररांग गावाला लाकूड देई, दगड देई, पाणी देई. त्याला कादंबऱ्या देई. त्याचा प्रत्येक नायक ती रांग ओलांडून जाई. तो स्वतः पायथ्याच्या पाण्याच्या टाकीपुढे कधी गेला नव्हता, कारण स्टुलावर चढलं तरी त्याला गरगरायचं. “पाण्यात पाय न घालता पोहायला शिकवणारा मी,” असं तोच हसत सांगे.

मुलीने रांगेपलीकडच्या गावातला मुलगा पसंत केला. मुलाचे वडील बेकरीवाले, भारी हेकट. घर आणि माणसं पाहिल्याशिवाय होकार देणार नाही म्हणाले. बस डोंगराला वळसा घालून येते, तिला अख्खा दिवस लागतो. ठरल्या दिवशी मुलाचा घाबरा फोन आला. होणाऱ्या व्याह्यांची कादंबरी वाचून वडील पहाटेच पायी निघाले होते. तिसऱ्या प्रकरणात एक सोपी खिंड होती.

ती खिंड लेखकाने नायकाची सुटका करायला खोदली होती, समोरचा चहा निवायच्या आत.

“खिंड तुम्ही काढलीत,” बायको म्हणाली, “आता माणूसही तुम्हीच शोधून काढा. नाहीतर पोरीचं लग्न कादंबरीतच लावा.”

वखारीतल्या लाकूडतोड्याला घेऊन तो निघाला. त्याचे नायक दातांत सुरा धरून कडे चढत; त्याने लाकूडतोड्याचा सदरा मुठीत धरला होता. शेवटचा चढ तर तो रांगतच गेला.

माथ्यावर बेकरीवाले सुजलेला पाय पसरून बसले होते. मांडीवर केकचा चेपलेला खोका, त्यावर कादंबरी.

“खिंड कुठे आहे?”

“तिसऱ्या प्रकरणात,” लेखक म्हणाला. तो अजून गुडघ्यांवरच होता, डोळे घट्ट मिटलेले.

बेकरीवाल्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. न्याहाळायला वेळ लागला नाही, माणूस जमिनीलगतच होता.

“पुढच्या आवृत्तीत त्या खिंडीवर दरड पाडा. मग लग्नाचं बोलू.”

लेखकाने दरड तिथल्या तिथे, डोळे न उघडता पाडली. मग लंगडत्या व्याह्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली उतरवलं.