खर्जाचा कोपरा

गल्लीत तिला सगळे कानवाली म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा भारी अभिमान. मागच्या छोट्या खोलीत बसून ती गाणी मिक्स करायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लाव, असा सल्ला कुणी दिला की म्हणायची, "त्याने कोंबड्या खूश होतील, आवाज नाही!"

आणि एक दिवस एका गायिकेने गाणं परत पाठवलं. "ताई, गाडीत लावलं तर नुसतं पोकळ वाजतंय हो."

दुसरी असती तर हिरमुसली असती. हिने खर्जातला एक सूर लावून ठेवला आणि भिंतीच्या कडेकडेने कान देत फिरली. चोर सापडला! खोली लहान, त्यामुळे खर्ज कोपऱ्यांत साचून घुमत होता. तिला तो भरमसाट ऐकू यायचा, म्हणून ती तो बिचाऱ्या गाण्यातूनच कापत सुटली होती. मग काय, दाट लोकरीचे माणूसभर उंच, जाडजूड खांब करून तिने चारही कोपरे भरून टाकले. गाणं पुन्हा केलं. गायिका फोनवर नाचायचीच बाकी राहिली.

चौथ्या कोपऱ्यात बाबांची खुर्ची असे. त्यांचा जन्म छापखान्यात यंत्रांशेजारी गेला आणि त्यातच कान गेले. तरी रोज संध्याकाळी ते तिथे बसून गाणं ऐकत, पायाने ठेका धरत. हिने खुर्ची उचलून स्पीकरसमोर मधोमध मांडली. "बसा आता राजासारखे!"

बाबा बसले. पाय काही हलला नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं निमित्त झालं, मग झोपेचं. जेवताना बोलेनासे झाले. शेवटी आईनेच तिला गाठलं.

"अगं, ते म्हणतात, उरलेसुरले कानही गेले. तुला सांगू नको म्हणालेत."

जगाचा आवाज सुधारायला निघालेली ही, आणि घरात ही तऱ्हा! बारीक, वरच्या पट्टीतले आवाज बाबांना कधीच ऐकू येत नव्हते. त्यांच्यापर्यंत पोचायचा तो फक्त त्या कोपऱ्यात साचलेला खर्ज, आणि तोच तिने लोकरीत जिरवला होता.

तिने एकटीने खांब ओढून बाजूला केला, खुर्ची मूळ जागी ठेवली, बाबांना हाताला धरून आणलं आणि गाणं लावलं. बाबांचा पाय हलला. मग दोन्ही हलले.

ती त्यांच्या कानाशी ओरडली, "कान आहेत तिथेच आहेत, बाबा! गाणं मीच पळवलं होतं!"

"अगं बये! मग सांगायचं नाही होय? मी इकडे आशा सोडून बसलो!" बाबा हसत होते आणि डोळेही पुसत होते.

आता त्या चौथ्या खांबाला चाकं आहेत. संध्याकाळ झाली, कानवाली कामात बुडालेली असली की खांब आपोआप सरकायला लागतो आणि मागून बाबा डोकं काढतात.

"आटप गं. माझी वेळ झाली."

कुणाच्या बापाचं न ऐकणारी कानवाली मुकाट्याने आपलं काम थांबवते आणि गाणं लावते.