पिल्लांचा बल्ब मखरात
तापलेल्या बल्बवर धूळ जळल्याचा वास आला, की माझं डोकं आजही फिरतं. माहेरून आणलेली गिनी कोंबडीची पिल्लं मी आमच्या डिचोलीच्या घरात, खोक्यात बल्बच्या उबेला ठेवली होती. अंगावर पुरती पिसं आली, की त्यांना परसातल्या खुराड्यात हलवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात पणजीहून धाकटे दीर चवथीला आले. "वहिनी, गणपती येणार त्या घरात कोंबड्यांची घाण कसली?" मी म्हटलं, "भावजी, बाहेर पाऊस बघा. गारठून मरतील हो ती." ऐकतो कोण! मी विहिरीवर गेले, तेवढ्यात त्यांनी पिल्लं खुराड्यात कोंबली आणि त्यांचाच बल्ब काढून मखरात लावला. सणाच्या गडबडीत मला पत्ताच नाही; सकाळी खुराड्यात बघते तर सगळी एकमेकांच्या अंगावर चढून भिजलेली, थंडगार. दोनच काय ती धुगधुगत होती. घरात मात्र मखराचं कौतुक चाललेलं! ती दोन मी पदराखाली धरून जगवली. आणि पुढच्या खेपेला हेच सोवळे गृहस्थ खुराड्यापाशी उभे राहून विचारतात, "वहिनी, यांची झणझणीत शागुती कधी रांधणार?" आता आम्हा दोघांचेही केस पिकले, पण ते जेवायला आले, की चुलीवर काहीही शिजत असो, त्यांच्या पानात मी भाज्यांचं खतखतंच वाढते.