फजिता आणि सुनंदाची सुट्टी

तुम्हाला आठवत नसेलच, म्हणून सांगते. आज आमच्या सूनबाईचा, सुनंदाचा वाढदिवस होता. रोज सकाळी आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फुलं पाठवायची बरी आठवण राहते तुम्हाला! मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी बोलतेय, नात टाइप करतेय.

सुनंदाला एकच हवं होतं, आज गॅसजवळ जायचं नाही. म्हणून दुपारी सगळे टेक्स-मेक्स, म्हणजे मेक्सिकन धर्तीच्या, हॉटेलात गेलो. मेनूकार्ड वाचता येणाऱ्यांनाही कळेना. मला फार बरं वाटलं.

मुलगा म्हणाला, "फजिता आणा."

वेटर म्हणाला, "सर, फहिता."

मी म्हटलं, "अहो, फजिताच असू द्या. आमच्या लक्षात राहील."

तवा चुरचुरत आला, पण त्यावर नुसता कांदा आणि ढोबळी मिरची. सोबत गार, चिवट पोळ्या आणि अळणी राजम्याचा लगदा. सगळे एकमेकांकडे बघत बसले. सुनंदा मात्र म्हणत राहिली, "छान आहे हो, आई."

अर्धपोटी घरी आलो. मुलगा सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "सुनंदा, पटकन खिचडी टाक ना गं."

ती उठलीसुद्धा! मी हाताला धरून खाली बसवली. मुलाला म्हटलं, "हॉटेलात झाली तेवढी फजिती पुरे. कुकर तुलाही लावता येतो."

तो आता डाळ शोधतोय. तुमच्याकडेही बायकोच्या सुट्टीत असंच होतं का?

बरं, विसरलेल्या मंडळींनो, नुसत्या शुभेच्छा नकोत. रात्रीसाठी कर्वेनगरवाल्यांनी पिठलं पाठवा, कोथरूडवाल्यांनी गरम भाकऱ्या. आणि ठेचा तरी विसरू नका.