लादीत अडकलेलं ड्रिल

हिमनदीत खोल भोक पाडून बर्फाचा सलग दांडा बाहेर काढायला खास ड्रिल लागतं. त्या दांड्यात वर्षावर्षाचे थर असतात, जुनी हवा आणि जुनी धूळ सांभाळून ठेवलेले. हिमालयातल्या मोहिमेसाठी तसं ड्रिल आम्ही घोटावड्याच्या शेडमध्ये बनवलं, आणि तपासलं ते पौडहून टेम्पोने मागवलेल्या बर्फाच्या लादीवर. मासळीवाले घेतात तीच लादी. असली यंत्रं देशातच बनवा म्हणून भाषणं देणारे पुष्कळ आहेत. ती तपासायला एक थंड खोली मात्र कुणी देत नाही. पण निव्वळ दुसऱ्यांवर चिडण्याचा मला हक्क नाही. डिझाइन माझं होतं.

चाचणीच्या सकाळी ड्रिलची नळी लादीत अर्धी उतरली आणि लाईट गेली. आम्ही चहाला गेलो. परत येऊन बघतो तर नळी हलेना. कापताना सुटलेलं पाणी तिच्याभोवती पुन्हा गोठलं होतं. शेवटी फिटरने घण घालून लादीच फोडली.

"सुटलं की न्हाई? पास!" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

मग शेडच्या मालकांना बाजूला घेऊन म्हणालो, "तिथला बर्फ असाच असतो, वितळायच्या बेतातला. जरा थांबलं की अडकणार. टोकाला हीटर बसवू, नाहीतर पाणी गोठू नये म्हणून भोकात अल्कोहोल सोडायची सोय करू. थोडा वेळ द्या."

"साहेब, तितं लाईट जातीया व्हय? जनरेटर न्हेत्यात ती लोकं. मॅडम येतील आता. पेढा खावा आन गप ऱ्हावा."

दुपारी मोहिमेच्या प्रमुख मॅडम आल्या. नव्या लादीतून काचेसारखा दांडा निघाला. बोटं लाल होईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही. मालकांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले.

"कुठं अडचण आली का, सर?" त्यांनी मलाच विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

पुढे मोहिमेत, हिमनदीवर ड्रिलची केबल ओढणारं यंत्र बंद पडलं. ते दुरुस्त होईपर्यंत ड्रिल भोकात गोठलं. केबल कापून ते तिथंच सोडावं लागलं आणि मोहीम अर्ध्यातून परतली.

परवा मॅडम पुन्हा शेडमध्ये आल्या. मालकांनी खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, "राग मानू नका मॅडम, पर तुमच्या पोरांनी मधीच थांबवलं. हितं तर लोण्यावानी गेलं व्हतं."

"असेल," त्या खाली बघत म्हणाल्या. "पोरं नवीन होती. मीही फार बोलले त्यांना."

माझं डोकंच फिरलं. "इथंही अडकलं होतं," मी जवळजवळ ओरडलोच. "तुम्ही यायच्या आधी. लादी फोडून काढलं आम्ही!"

"साहेब, काय बोलताय काय तुमी?"

"खरं बोलतोय. हीटर मागितला होता मी. हिमनदीपेक्षा तुम्हाला फोटोची घाई होती."

"आणि तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

मी टेबलावरचा पाना उचलून परत ठेवला.

"उन्हाळ्यात वरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी आता खालच्या थरांत मुरतंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुमचं ड्रिल चांगलं होईलही. पण त्या थरांत वाचण्यासारखं काय उरेल, सांगता येत नाही."

मग त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला आणि तो माझ्यापुढे धरला. "ड्रिल याच्या हातात होतं. त्याला सांगा."

पलीकडून एक कोवळा आवाज घाबरत म्हणाला, "हॅलो, मॅडम?"