दाराआडची पंगत

"डायनिंग वेगळं पाहिजेच की. पावणं आल्यावर काय चुलीम्होरं बसवणार हाईस त्यास्नी?"

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नकाशावरच्या चौकोनावर बोट आपटलं आणि त्यांच्यापुरता विषय संपला. कळंब्याच्या अंगाला आमचा प्लॉट होता, शिरोली एमआयडीसीतलं नवऱ्याचं वर्कशॉप बरं चाललं होतं आणि भाड्याच्या खोल्यांतून स्वतःच्या घरात जायचं सगळ्यांनीच मनावर घेतलं होतं. नकाशात हॉल, त्याला लागून डायनिंग, मग भिंत, भिंतीला दार आणि दारापलीकडे स्वयंपाकघर. आर्किटेक्टने मोठ्या कौतुकाने भिंतीत एक छोटी खिडकीही काढली होती. "इथनं गरम भाकरी डायरेक्ट टेबलावर, वहिनी." मला एसटी स्टँडवरची रिझर्व्हेशनची खिडकी आठवली. आतल्या बाजूला मी.

आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते. टम्म फुगलेली, वाफ सुटलेली. दुरडीत जरा वेळ राहिली की मामंजी ती बोटाने दाबून बघतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट. त्यामुळे जी भाकऱ्या थापते ती सगळ्यांबरोबर कधीच जेवत नाही. हा कुणी घालून दिलेला नियम नाही, भाकरीच तशी आहे, असं सगळे म्हणतात. बिचारी भाकरी! मी ज्युनियर कॉलेजात पोरांना केमिस्ट्री शिकवते, दोन-दोन तास अखंड बोलते, वर्गात माझ्यापुढे कुणाची टाप नाही. आणि लग्न झाल्यापासून नवऱ्यासमोर बसून मी गरम भाकरी खाल्ली ती फक्त हॉटेलात.

तरी भाड्याच्या घरात एक बरं होतं. तिथे जागाच नव्हती. सगळे स्वयंपाकघरातच चटईवर बसायचे. मी ओट्याशी उभी असले तरी बोलण्यात असायची. लेक शाळेतलं काहीबाही सांगायची आणि मी तव्याकडे बघत तिला उत्तरं द्यायची. नव्या घरात मला ती मधली भिंतच नको होती. स्वयंपाकघर मोठं करा, टेबल तिथेच टाका, एवढंच माझं मागणं. लेक तेव्हा दुसरीत होती. आई दाराच्या आत आणि बाबा दाराच्या बाहेर, असं घर बघत ती वाढू नये. मला तेवढं एकच वाचवायचं होतं.

नवऱ्याला भांडण नको होतं. त्याला ते कधीच नको असतं. "स्वयंपाकघर तुमचं आहे. तू आणि आई ठरवा, तुम्ही म्हणाल तसं करू. आबांना मी बघतो," असं म्हणून, वडिलांना समजवायचं तेवढं स्वतःकडे घेऊन, तो मोकळा झाला. मी मनातून खूश झाले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंचा सगळा जन्म चुलीपुढे गेलेला. त्या माझ्या बाजूने नसतील तर कोण असणार? मी त्यांना विचारलंसुद्धा नाही.

फक्की मारायच्या दिवशी आम्ही सगळे प्लॉटवर गेलो. पाया खणायच्या आधी चुन्याच्या पांढऱ्या पुडीने जमिनीवर घराच्या रेघा ओढतात, ती फक्की. मधली रेघ ओढू नका म्हणून मी मिस्त्रींना सांगत होते. तेवढ्यात आत्याबाई आल्या. रेघेपाशी त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी आत आल्या. उन्हात उभं राहून त्यांनी चहूकडे बघितलं.

"ह्येचं दार कुठं हाय?"

"दार नाही आत्याबाई. सगळं मोकळं. आपणही इथंच बसायचं जेवायला, सगळ्यांबरोबर."

"ह्यांच्या म्होरं बसून जेवायचं व्हय मी?" त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, यांना ऊन लागलं. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं आणि हळू आवाजात बोलू लागल्या. आमच्या घरात हळू कुणी बोलत नाही, म्हणून मला जास्तच धडकी भरली.

"कागलच्या जुन्या घरात गडीमाणसं जेवून उठली की मी न् माझी जाऊ दार लावून घ्यायचो. डोईवरचा पदर काढायचो. पाय पसरून बसायचो. मटणातल्या चांगल्या नळ्या आधीच तळाला दडवून ठेवलेल्या असायच्या, त्या चोखत बसायचो. एकमेकीला कायबाय सांगून हसून हसून ठसका लागायचा बघ. दिसभरात तेवढाच येळ माझा हुता. आता तूबी दार काढून घेतीस व्हय गं?"

इकडे आड, तिकडे विहीर. मला त्यांचा रागही आला. दडवून ठेवलेल्या नळीसाठी आणि अर्ध्या तासाच्या हसण्यासाठी ही बाई स्वतःच दार मागत होती! पण मला जिथे तुरुंग दिसत होता, तिथेच त्यांना आयुष्यभर मोकळं वाटलं होतं, हेही खरं होतं. त्यांच्या म्हातारपणी तेवढी जागा काढून घेऊन मी माझी जागा करायची, हे मला जमेना. सासऱ्यांशी मी भांडले असते, नवऱ्याशी तर रोजच भांडते. यांच्याशी कसं भांडायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"काय ठरलं?" नवऱ्याने लांबून विचारलं.

"ओढा रेघ," मी म्हणाले.

अटी मात्र दोन घातल्या. भिंतीत खिडकी नको आणि लेक पहिल्यापासून टेबलावर बसणार, सगळ्यांबरोबर. दोन्ही लगेच मान्य झाल्या. "ती तर माझ्याच शेजारी बसणार," मामंजी म्हणाले. माझ्यासाठी नाही तर नाही, पोरीसाठी तरी दार उघडं राहिलं, अशी मी मनाची समजूत घातली.

घर झालं. सागवानी टेबल आलं, वर काच. येणारा प्रत्येक जण काचेवरून हात फिरवतो आणि डायनिंगचं कौतुक करतो. पलीकडे सगळे हसले की मला ते आत ऐकू येतं. "काय झालं?" म्हणून मी भाकरी घेऊन जाईपर्यंत विनोद संपलेला असतो आणि मला तो परत सांगायचा कुणालाच उत्साह नसतो. आत्याबाई आत खुशीत असतात. पदर खांद्यावर, पाय लांब. त्या त्यांच्या जावेच्या गोष्टी सांगतात आणि मी त्या ऐकते, आता तर मला पाठ आहेत. एकदा मी नवऱ्याला म्हणाले, इथे माझा जीव कोंडतो. त्याने मोठा एक्झॉस्ट फॅन बसवून दिला.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी नवऱ्याकडचे पाहुणे जेवायला होते. मटण होतं, त्यामुळे भाकऱ्यांना उसंत नव्हती. दार उघडलं आणि लेक भरलं ताट घेऊन आत आली. आता ती माझ्या खांद्याला लागते. मागे पायानेच दार ढकलून तिने लावून टाकलं.

"तिकडं नुसतं साखर कारखान्याच्या इलेक्शनचं चाललंय. मी इथंच बसते. इथं भारी वाटतं."

आत्याबाईंनी सरकून जागा केली, तिच्या वाटीत पांढरा रस्सा ओतला. लेक फरशीवर मांडी घालून बसली आणि शाळेतल्या कुठल्याशा फजितीची गोष्ट सांगू लागली. किती दिवसांनी मी तिची एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होते. मला इतकं बरं वाटलं की तिला परत टेबलावर जा म्हणायचं माझ्या तोंडी आलं नाही. आत्याबाई हसत होत्या, मीही हसले.

तेवढ्यात पलीकडून हाक आली, "भाकरी आणा!"

मी हातावरचं पीठ झटकलं. आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या.

"बसा तुम्ही दोघी," लेक म्हणाली. अर्धं जेवण तसंच टाकून ती उठली, तव्यावरची फुगलेली भाकरी दुरडीत घेतली आणि दार उघडून बाहेर गेली.